मेंढ्याची अदलाबदल

बीजाचा मेंढा एका कळपात फार वर्षं ठेवत नाहीत. त्याच्याच लेकी त्याच्या खाली येतात आणि कोकरं किडकिडीत निपजतात. म्हणून माझी थोरली बहीण अक्का आणि मी मेंढे बदलायचो. ती लिंबागणेशकडं दिलेली, मी उमापूरजवळ, आणि दोघांच्याही घरी थोडीथोडकीच मेंढरं. एका वर्षाआड ती तिच्याकडचा कवळा मेंढा जीपमध्ये घालून यायची, चार दिवस राहायची आणि जाताना माझ्याकडचा न्यायची. आईबाप गेल्यावर तिचं माहेरी येणं एवढंच उरलं होतं. नुसतं भावाला भेटायला जाते म्हटलं की सासरी तोंडं वाकडी व्हायची. मेंढ्याचं काम म्हटलं की कुणी अडवत नसे.

गेल्या साली कानावर आलं, दाजींनी सगळी मेंढरं विकली. माझं डोकंच फिरलं. अरे, एक फोन करता येत नव्हता? बरं, मीही केला नाही. तणतणत बाजार गाठला आणि नवा मेंढा विकत घेतला. निवड मात्र झकास केली, खोटं कशाला बोलू! पाठ सरळ, छाती रुंद, खालच्या दोन्ही गोळ्या सारख्या. त्याची आईसुद्धा बाजारात उभी होती, तिची कास बघूनच सौदा केला.

आठवडाभरानं अक्का दारात उभी. हातात दोरी, दोरीला मेंढा. सगळी विकताना हा एकटा तिनं भांडून मागं ठेवला होता, माझ्यासाठी. कळप नाही, चरायला सोबत नाही. दारात बांधून भाकरीवर वाढवलेला.

तिनं माझा नवा मेंढा पाहिला. जवळ जाऊन त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ओठ वर करून दात बघितले.

"लई चांगला निवडलास की रं."

"इकून टाकतो गं ह्याला. तुजाच ठिवू."

असं म्हणत मी तिच्या मेंढ्याला हात लावला. सवयच ती मेली! पोट सुटलेलं, मागचे पाय आत वळलेले. माझा हात तिथंच थांबला. अक्का मेंढरांतच वाढलेली, तिला काय सांगायचं?

"दोन मेंढे टकरा घेत बसतील," ती म्हणाली. "राहू दे."

जेवली आणि दुपारच्याच जीपनं मेंढ्यासकट परत गेली. मुक्काम केला नाही. त्या दिवशी माझा हात थांबायला नको होता. वाकड्या पायांची कोकरं चालली असती मला, देवाशपथ चालली असती.

यंदा कोकरं कशी गुबगुबीत झालीत! येणारा-जाणारा नावाजतो, आणि मला त्या मेंढ्याचं तोंड बघवत नाही. परवा अक्काला फोन लावला. म्हटलं, "कोकरं बघायला तरी ये की."



"काय सांगून निघू रं, बाळा?"