परत येणारा मुलगा

माघातल्या दुपारी केडगावच्या शाळेच्या पटांगणावर आजूबाजूच्या गुऱ्हाळांतून उकळत्या रसाचा दाट, गोड वास येत राहतो, आणि त्यात मुलांच्या चेहऱ्यांवरच्या पावडरचा वास मिसळला की मला आमचं नाटक आठवतं. नाटक तिथल्या मुलांनी बसवलेलं, कादंबरी माझी. मी शिरूरला गणित शिकवते. आयुष्यात एकच पुस्तक लिहिलं, तेही मुलांसाठी. दिवाळीनंतर कोकणाकडे निघालेल्या मेंढरांमागे एक मुलगा घर सोडून जातो आणि पावसाळ्याच्या तोंडावर, उन्हाने रापलेला, चार बोटं उंच झालेला, त्याच कळपाबरोबर परत येतो, एवढीच त्याची गोष्ट.

माझा धाकटा भाऊ दिलीप लहानपणी आमच्या गावातून, केंदूरहून, असाच गेला. तो परत आला नाही. वडिलांनी घाटाखालचे धनगरांचे सगळे तळ पालथे घातले. पोरगं आमच्याकडं आलंच न्हाई, असं धनगरांनी सांगितलं. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. मुलांच्या पुस्तकातला मुलगा घरी पोचला पाहिजे, असा व्यवहारी विचार करून मी त्याला परत आणला.

आईला वाचता येत नाही, पण नाटकाचा एकही प्रयोग तिने चुकवला नाही. शेवटी खांद्यावर घोंगडी टाकून तो मुलगा विंगेतून यायचा, तेव्हा माझ्याशेजारी बसलेल्या तिचा श्वास आधी अडायचा आणि मग सावकाश सुटायचा. पडदा पडला की ती मागे जाऊन त्याचे दंड चाचपायची.

"किती वाळलास रं! खायला घालत न्हाईत व्हय तुला?"

"आजी, मी सातवीतला ओंकार हाय. रोज दोन डबे खातो."

"आसशील. पर आता उशीर नको करू. आई वाट बघत आसंल."

पोरं हसायची, तीही हसायची. तिला सगळं कळत होतं. तरी निघताना पुढचा प्रयोग कवा, हे ती विचारून ठेवायची. मला मात्र त्या वाट पाहण्याचा वीट आला होता. ते एकदाचं संपावं, तिने चार दिवस रडावं आणि मोकळं व्हावं, असं मला मनापासून वाटे.

मग त्याच कादंबरीवर सिनेमा आला. पुण्याचा तरुण दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, पोरगा परत येतो हे खोटं वाटतं हो." मला पटलं. सिनेमात नदीकाठी मुलाचा सदरा सापडतो, आणि कळपातला म्हातारा तो घेऊन इतक्या लांबून चालत येतो, मुलाच्या आईच्या हातात देतो. आईला मी मुद्दामच आधी सांगितलं नाही.

शिरूरच्या थिएटरात लोक नाकं ओढत होते. आई ताठ बसली होती, पडद्यावरचा उजेड तिच्या चेहऱ्यावरून सरकत होता, आणि त्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. परतताना ती स्कूटीवर माझ्यामागे बसली होती. रांजणगावच्या कारखान्यांतली पाळी सुटल्यावर निघालेल्या कामगारांच्या बसगाड्या आम्हाला मागे टाकत होत्या, कडेची ज्वारी संध्याकाळच्या उन्हात पिवळी पडली होती.

घरी पोचल्यावर ती पायरीशीच थांबली.

"पाणी दे हितंच. अंगावर घिऊन मग आत येते."

मयताची खबर आली की आमच्यात असंच करतात.

"आई, सिनेमा होता तो."

"मला कळत न्हाई व्हय? पर कुणीतरी सांगाय आलं की गं. इतकी वर्सं कुणी आलंच नव्हतं."

तिने डोक्यावरून गार पाणी ओतून घेतलं, पदर पिळला आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

"तू बी घे. भाऊ व्हता तुझा."

तो आता नाही, हेच तर मी तिला इतकी वर्षं पटवत आले होते. तरी माझा हात पुढे होईना. मला थंडी वाजतेय असं तिला वाटलं. "ऊन करून घे मग," म्हणत ती ओल्या पावलांनी आत गेली, कपडे बदलून भाकरीला बसली.

मी अंगणातच राहिले. मुलांसाठी म्हणून लिहिलेला पुस्तकातला तो शेवट खरोखर मी माझ्यासाठीच लिहिला होता, ते आता मला दिसत होतं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला, मला हाक आली, पुन्हा आली. आणि अंगावर पाणी घेतल्याशिवाय मला आत जाता येणार नव्हतं.