दाट पिठीचा एक चमचा

"मायस्थेनिया ग्रेव्हिस," अलिबागच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, तेव्हा माझी डावी पापणी अर्ध्यावर लोंबत होती आणि प्यायलेलं पाणी नाकातून परत येत होतं. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, असा हा आजार. बरा होईल का, विचारलं. "आटोक्यात ठेवता येतो," ते म्हणाले.

सुरुवात साधी होती. चौलला आमच्या वाडीत सुपाऱ्या वेचताना एकीच्या दोन दिसायच्या. मग भाकरी चावता चावता जबडा थकू लागला. तुम्हाला असं होत असेल तर चष्मा बदलत बसू नका, डॉक्टर गाठा.

सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं, म्हणजे रोगाशी लढणारी तयार प्रथिनं. नाकातून पोटात राइल्स ट्यूब, अन्नाची नळी. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लावावा लागेल, असं डॉक्टर माझ्या नवऱ्याला सांगताना मी ऐकलं. त्यानंतर डोळे मिटायची हिंमत होईना. झोपेत श्वास थांबला तर?

काही दिवसांनी नळी निघाली. डॉक्टरांनी बजावलं, "पाणी नको, श्वासनलिकेत जाईल. दाट द्या. स्नायूंना जोर देणाऱ्या गोळीनंतर तासाभरात, ताठ बसवून, चमचा चमचा."

माझी बालमैत्रीण कुंदा चौलला आमच्या शेजारीच राहते. तिने कुळथाची पिठी शिजवली. लसूण, आमसूल घालून, नेहमीपेक्षा दाट आणि गाळलेली. पण तिचा नवरा याच इस्पितळात वारला होता. तेव्हापासून ती इथली पायरी चढली नव्हती. म्हणून डबा रेहाना आणायची. ती आमची तिसरी मैत्रीण, अलिबागला नोकरीला. चौलहून सकाळच्या एसटीने यायची.

पहिल्याच चमच्याला ठसका लागला. श्वास अडकला. रेहाना नर्सला हाका मारत धावली. डॉक्टरांनी छाती तपासली. "खोकलात ते चांगलं झालं. शरीर राखण करतंय." पण मी तोंड मिटलं ते मिटलंच. डबा भरलेला परत जाऊ लागला. पुन्हा नळी घालावी लागेल, असं बोलणं सुरू झालं.

मग एका दुपारी दारात कुंदा. पदर तोंडाशी, पाय उंबऱ्याबाहेर.

"मला भ्याव वाटतंय गो," ती म्हणाली. "तुला पन वाटतंय. आता दोघी बसू."

ठसका लागू नये म्हणून नर्सने माझी मान किंचित खाली करून दाखवली. कुंदाने चमचा पुढे केला, त्यातली अर्धी पिठी माझ्या हनुवटीवर सांडली. उरलेली जिभेवर आली. मी गिळली.

"गेली? बोल काय तरी!"

"मीठ... कमी हाय."

ती हसली आणि तोंड फिरवून डोळे पुसू लागली. त्या दिवशी अर्धी वाटी संपायला गोळीचा सगळा तास गेला.

आता मी घरी आहे. या आजारात छातीतल्या थायमस ग्रंथीत कधी गाठ असते, पण माझा सीटी स्कॅन स्वच्छ आला. गोळ्या चालूच राहतील. भीती गेलेली नाही. साधा ठसका लागला तरी चमचा खाली ठेवते. तुमच्यावर अशी वेळ आली तर समोर बसणारं माणूस धीट असायलाच हवं, असं नाही. त्या दुपारी कुंदा जिन्यावर बसून खूप रडली, असं रेहानाने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कुंदा पुन्हा आली होती.