सतरा, त्रेचाळीस, चव्वेचाळीस

निपाणीहून बंगळूरला मी आले ती प्रोग्राम लिहायला. वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटून तसंच सांगितलं होतं. आणि इंदिरानगरमधल्या बंगल्यात थाटलेल्या आमच्या ऑफिसात पहिल्याच महिन्यात माझ्या गळ्यात पडली ती मेसेज फाइल. प्रोग्राम इतरांनी लिहायचे, आणि ते कुठे अडले की स्क्रीनवर जी एक ओळ उमटते, ती मी लिहायची. म्हणजे लग्न त्यांचं आणि अक्षता वाटायच्या मी. आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही.

ते काम काय होतं ते आधी सांगते. आमचं सॉफ्टवेअर जर्मनीतल्या लहान हॉस्पिटलांच्या लॅबमध्ये जाणार होतं. रक्त तपासणाऱ्या मशीनचे आकडे तिथल्या एका सर्व्हरमध्ये गोळा व्हायचे. सर्व्हर बंद खोलीत एकटाच, समोर बसायला कुणी नाही. म्हणून तो आपली रोजनिशी लिहीत असतो: किती वाजता काय झालं, काय बिघडलं. तिला लॉग म्हणतात. काही बिनसलं की लॅबमधलं माणूस ती उघडून वाचतं. गंमत अशी की प्रोग्रामच्या पोटात वाक्यं नसायचीच, नुसते नंबर असायचे. प्रोग्राम म्हणायचा 'एकसष्ट', आणि एकसष्ट म्हणजे कोणतं वाक्य, ते सर्व्हर एका वेगळ्या फाइलीत बघून लिहायचा. इंग्रजीची फाइल एक, जर्मनची दुसरी.

आमचा प्रोजेक्ट लीडर दिल्लीकडचा होता, कमी बोलणारा. माझं फुगलेलं तोंड बघून त्यानं एक दिवस मला मशीनपुढे बसवलं. सेटिंगमधला एक शब्द बदलला, सर्व्हर पुन्हा चालू केला आणि मुद्दाम एक वायर काढली. स्क्रीनवर जर्मन वाक्य उमटलं. जर्मन फाइलीत तेव्हा नमुन्याची चारच वाक्यं होती, पण माझ्या अंगावर काटा आला. प्रोग्रामचं एक अक्षरही कुणी बदललं नव्हतं. तोच जीव, तेच दुखणं, आणि ज्याच्या घरी गेला त्याच्या भाषेत कण्हतोय! निपाणीत मराठी, शाळेच्या मागच्या गल्लीत कन्नड अशी मी वाढलेली. हे मला कळायला हवं होतं, पण मशीनला ते येतं हे बघून मी थक्क झाले. त्या दिवसापासून रुसवा संपला.

जर्मन भाषांतर करणाऱ्या बाई जयनगरात राहायच्या. त्या मराठी आहेत असं कळल्यावर लीडरनं ये-जा करायचं काम मला दिलं. साठी उलटलेल्या, नऊवारी नाही, साधी सुती साडी, केसांत अबोलीचा एवढासा तुकडा. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपासून इथलं. त्यांची मराठी ऐकून मी आधी हसूच आवरलं.

"ये की गं, बस. स्वल्प काफी घेतेस न्हवे?" त्या म्हणाल्या. "मला सगळे अक्का म्हणतात. तूबी तेच म्हण."

अक्कांनी बावीस वर्षं एका यंत्रांच्या कारखान्यात जर्मन माहितीपुस्तकांचं भाषांतर केलं होतं. कॉम्प्युटरला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नव्हता. मी मनात म्हटलं, झालं! या बाई सर्व्हर म्हणजे काय ते मला विचारणार आणि मी दिवसभर समजावत बसणार. उलटंच झालं. मी दिलेल्या यादीतलं पहिलंच वाक्य त्यांनी बोटानं धरलं. 'फाइल उघडता आली नाही', एवढंच मी इंग्रजीत लिहिलं होतं.

"कुठली फाइल?"

"कुठलीही असू शकते, अक्का."

"वाचणाऱ्याला कुठलीही चालते का? कशाला उघडत होतं ते? आणि नाही उघडली तर त्यानं आता काय करायचं?"

"ते त्यांचं त्यांना कळेल."

अक्कांनी चष्मा काढला. "पुट्टी," त्या म्हणाल्या. कन्नडमध्ये धाकट्या मुलीला लाडानं म्हणतात तसं. "ही लॉगची वही सगळं ठीक असताना कुणी उघडतंय का? नाही न्हवे? म्हणजे वाचणारा घाबरलेलाच असणार. घाबरलेल्याला कोडं घालू नये."

मला राग आला. मी इंजिनियर, आणि कॉम्प्युटरचं तोंडही न बघितलेली ही बाई मला शिकवतेय! जयनगरच्या कॉम्प्लेक्सपासून बस पकडून ऑफिसात येईपर्यंत मी धुमसत होते. टेबलाशी बसून यादी पुन्हा वाचली तेव्हा मात्र लाज वाटली. सबंध यादीत माणूस कुठे नव्हताच. मी मशीनची तक्रार मशीनलाच सांगत होते. दोनशेच्या वर मेसेज होते. ते सगळे मी पुन्हा लिहिले: काय झालं, कशाचं झालं, आता काय करा. काही मेसेज निरर्थक निघाले, ते काढून टाकले. सतरा, त्रेचाळीस, चव्वेचाळीस आणि पुढचे आणखी काही.

अक्कांची पद्धत मी आजवर दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही. प्रत्येक मेसेजला एक जाड कार्ड. वर नंबर, खाली इंग्रजी, त्याखाली जर्मन. कार्ड उलटलं की पाठीमागे पेन्सिलीनं मराठी. ते कशाला, असं मी विचारलं.

"आधी घरच्या भाषेत समजलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "मला तर मराठीतच समजतं. मग जर्मनमध्ये सांगते."

मग त्या उभ्या राहायच्या, लॅबमधलं माणूस उभ्यानंच वाचत असेल म्हणून, आणि जर्मन वाक्य मोठ्यानं वाचायच्या. अडखळल्या तर वाक्य बदलायच्या. मी बघतच राहायचे. इंदिरानगरमधल्या माझ्या इंग्रजीच्या आणि तिकडच्या हॉस्पिटलातल्या जर्मनच्या मधे जयनगरातलं एक मराठी वाक्य होतं, आणि ते कुणाला कधीच दिसणार नव्हतं. त्या पुसट पेन्सिलीच्या ओळी वाचताना मला देवळात गेल्यासारखं गप्प व्हायला व्हायचं.

जर्मन फाइल तयार होऊन कुरियरनं गेली. प्रोग्राम आणि इंग्रजी फाइल पुढच्या आठवड्यात जायची होती. त्या आठवड्यात मी घाण केली.

आमच्या आईच्या फडताळात डब्यांच्या रांगेत एकही फट चालायची नाही. एक डबा काढला की बाकीचे सरकवायचे, हे माझ्या हाताला लहानपणापासून लागलेलं. मेसेज फाइल शेवटची चाळताना मला त्या फटी दिसल्या. सोळानंतर एकदम अठरा, बेचाळीसनंतर पंचेचाळीस. डोळ्यांना टोचायला लागलं. छोटासा प्रोग्राम लिहून मी सगळे नंबर सरकवले, एकपासून सलग. फाइलीतले बदलले, प्रोग्राममधलेही बदलले. इंग्रजीत चालवून पाहिलं, सगळं चोख. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलं नाही. स्वतःवर खूश होऊन मी संध्याकाळी मसाला डोसा खाल्ला.

महिन्याभरात तिकडून फॅक्स आला. जर्मन मेसेज साफ चुकीचे आहेत. एका लॅबमध्ये सर्व्हरची डिस्क भरत आली होती आणि लॉगमध्ये आलं की रक्ततपासणीचं मशीन जोडलेलं नाही, केबल तपासा. तिथल्या बाई सकाळभर टेबलाखाली शिरून केबल तपासत बसल्या. डिस्क भरली, सर्व्हर थांबला. सुदैवानं मशीनमध्ये आकडे शिल्लक होते, कुणाच्या जिवावर बेतलं नाही. पण भाषांतर करणाऱ्या व्यक्तीला जर्मन येत नाही, ती बदला, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं.

लीडरनं फॅक्स माझ्यापुढे ठेवला. घरबसल्या म्हाताऱ्या बाईकडून काम करून घेणं ही आपली चूक झाली, तो म्हणाला. दुसरं कुणी बघू. तू जाऊन कार्डं घेऊन ये आणि त्यांचे आभार मान.

अक्कांनी फॅक्स दोनदा वाचला. कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. आतून बुटांच्या खोक्यात लावलेली कार्डं आणून त्यांनी केबलचं कार्ड काढलं. नंबर एकसष्ट. जर्मन वाचलं, उलटून मराठी वाचलं.

"हे तर बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदावर एकसष्टला काय आहे बघ."

मी माझी नवी यादी उघडली. एकसष्ट: डिस्क भरत आली आहे. अक्कांच्या खोक्यात डिस्कचं कार्ड चौसष्टावं होतं. तीन घरं पुढे.

पायाखालची जमीन सरकणे हा शब्दप्रयोग मी शाळेत वाक्यात उपयोग करण्यासाठी वापरला होता. त्या दिवशी तो समजला. प्रोग्राम माझ्या नव्या नंबरानं हाक मारत होता आणि अक्कांची फाइल जुन्या नंबराला ओ देत होती. सोळापर्यंत सगळं बरोबर, पुढे सगळं चुकीचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

अक्कांनी खोकं माझ्याकडे सरकवलं. सोळाव्या कार्डामागे एक कोरं कार्ड होतं. वर नंबर सतरा, खाली फक्त एक आडवी रेघ. तसंच त्रेचाळीस, तसंच चव्वेचाळीस. मी काढून टाकलेल्या प्रत्येक मेसेजची जागा त्यांनी कोरं कार्ड घालून धरून ठेवली होती.

"कारखान्यात ड्रॉइंग रद्द झालं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "जुना कागद कुठल्या टेबलावर राहिलाय, कुणाला ठाऊक?"

कॉम्प्युटरला हात न लावलेली ही बाई आमच्या धंद्याचा पहिला नियम त्या खोक्यात पाळत होती, आणि मी, जिला तो पाळण्याचा पगार मिळत होता, तो मोडून डोसा खाऊन आले होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

"अक्का, चूक माझी आहे. मी नंबर सरकवले."

"समजलं," त्या म्हणाल्या. "काम गेलं तर जाऊ दे, सरी, चालतंय. पण ती बाई माझ्या शब्दावर विश्वास ठेवून टेबलाखाली शिरली गं. बावीस वर्षांत माझ्या शब्दानं कुणाला असं फसवलं नव्हतं."

ऑफिसात सांग, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. कार्डंही मी मागितली नाहीत. रिक्षात बसले आणि जयनगर ते इंदिरानगर स्वतःशी भांडत राहिले. माझी नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. वडिलांचे पेढे आठवत होते. गप्प राहिले तर कुणाला कळणार नव्हतं. गुपचूप नंबर मागे फिरवायचे, नवं माणूस नेमलं की सगळं आपोआप 'सुधारणार', आणि चोर सोडून संन्याशाला फाशी. दोमलूरच्या सिग्नलला मला ते इतकं सोपं वाटलं की माझी मलाच भीती वाटली.

लीडरच्या टेबलासमोर उभी राहून मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि कोरा कागद पुढे केला. फॅक्सचं उत्तर तूच लिही, म्हणाला, आणि काय झालं ते जसंच्या तसं लिही. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड इंग्रजी. भाषांतर पूर्ण बरोबर आहे, नंबर मी बदलले, हे पहिल्याच ओळीत लिहिलं. मला काढलं नाही, पण नोकरी पक्की व्हायला वाट बघावी लागली. अक्कांचं काम राहिलं.

जुने नंबर परत घालून प्रोग्राम पुन्हा पाठवायचा होता. असं पुन्हा होऊ नये म्हणून त्यात एक तपासणी घातली: प्रोग्राम आणि मेसेज फाइल एकमेकांच्या नसतील तर सर्व्हरनं सुरुवातीलाच तसं लिहायचं. त्यासाठी नवा मेसेज हवा होता. सतरा रिकामा आहे, तो दे, लीडर म्हणाला. मी इतक्या जोरात 'नाही' म्हटलं की शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. त्या मेसेजला मी यादीच्या शेवटी नवा नंबर दिला.

तो मेसेज घेऊन मी जयनगरला गेले. मी लिहिलं होतं: मेसेज फाइल जुळत नाही, पुरवठादाराशी संपर्क साधा.

अक्कांनी वाचलं. "काय झालं ते आहे. काय करायचं तेही आहे. चूक कुणाची?"

"आमची."

"मग ते कुठं आहे? नाहीतर ती बाई परत टेबलाखाली शिरंल."

त्यांनी नवं कार्ड काढलं, वर नंबर घातला आणि कार्ड उलटून पेन्सिल माझ्या हातात दिली. "मागचं आज तू लिही."

मी लिहिलं: 'चूक आमच्याकडून झाली आहे. तुम्ही काहीही तपासू नका. आम्हाला कळवा.' त्यांनी ते वाचून मान हलवली, कार्ड सुलटं केलं आणि जर्मन लिहायला लागल्या. वेळ लागला. मग नेहमीसारख्या उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं वाचलं, एकदाही न अडखळता. मला जर्मनचा एक शब्द कळत नव्हता. तरी मी उठून उभी राहिले.

ते वाक्य कुणा लॅबमध्ये कधी दिसलं का, मला माहीत नाही. दिसायची वेळ येऊ नये, एवढंच बघणं आता माझं काम होतं.