दहापैकी शून्य

पोलीस खात्यातल्या माझ्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. कोणत्या चोरीतला आरोपी कोणत्या ठाण्यात होता, हे आठवायला कागद काढावा लागतो. पण एक केस अशी आहे की ती कोणत्याही ठाण्याच्या स्टेशन डायरीत नाही आणि तरीही तिचा प्रत्येक जबाब मला तोंडपाठ आहे.

इन्स्पेक्टर असताना मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी शारजातल्या एका खाजगी विद्यापीठात नोकरीला लागलो. दुसऱ्या विद्यापीठातून मधल्या वर्षात आमच्याकडे येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांची पडताळणी हे माझं काम. त्यांना तिथे ट्रान्सफर स्टुडंट म्हणत. काम मला आवडलं. गुणपत्रिका, प्रत्येक पानावर कॉलेजचा शिक्का असलेला अभ्यासक्रम, वर्तणुकीचा दाखला आणि शेवटी मायग्रेशन सर्टिफिकेट. हे शेवटचं एकदा काढलं की जुन्या कॉलेजातून नाव कमी होतं, परतीचा रस्ता बंद. म्हणून बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय ते मागवायचं नाही, हा नियम मी माझ्यापुरता केला होता.

अशातच एक निनावी फोन आला. फोनवर नंबर दिसायची सोय आमच्याकडे नव्हती. आवाज मुलीचा किंवा तरुण बाईचा, तोंडावर रुमाल धरल्यासारखा. हिंदीतून बोलत होती. पुण्याहून सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातून आमच्याकडे यायचा अर्ज केलेली एक मुलगी आहे, तिची मार्कशीट बोगस आहे, तिला काहीही येत नाही.

निनावी खबर देणाऱ्याला खबरीबद्दल जास्त विचारू नये, हे मी ठाण्यात शिकलो होतो. तो सावध होतो. भलतंच काहीतरी विचारावं. मी विचारलं, "तिच्या वडिलांशी बोलायचं झालं तर कधी भेटतील?"

"संडे को फोन कीजिए. संडे को घर पे रहते हैं," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी तिचा अर्ज काढून पाहिला. वडिलांचा पत्ता शारजाचाच होता. तेव्हा तिथे सुट्टी शुक्रवारची. रविवारी सगळे कामावर. बाईला त्या घराची माहिती होती, पण तिचा आठवडा भारतातला होता.

रजिस्ट्रार बाईंना कळवणं भागच होतं. त्या नियमाला पक्क्या. बनावट कागदाची तक्रार आली की जुन्या कॉलेजला फॅक्स जाणार आणि चौकशी संपेपर्यंत तिथला निकालही अडकणार.

मी म्हटलं, "मॅडम, मुलगी सुट्टीसाठी इथेच आलेली आहे. फॅक्सआधी मला तिचा जबाब घेऊ द्या."

"फक्त उद्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "इन्शाल्ला नको, उद्या म्हणजे उद्या."

कागद मी पुन्हा पाहिले. शिक्के, सह्या, सगळं नीट होतं. मग कागद बाजूला ठेवले आणि आमच्या सिव्हिलच्या प्राध्यापकांकडे गेलो. इजिप्तचे गृहस्थ, वयस्कर, स्वभावाने गमत्ये. त्यांना म्हटलं, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला यायलाच हवेत असे दहा प्रश्न द्या, पण उत्तर फक्त हो किंवा नाही असं हवं, कारण तपासणारा मी, आणि मला सिमेंट आणि मैदा यातला फरकही बायकोने सांगावा लागतो. ते हसले आणि तिथल्या तिथे प्रश्न लिहून दिले.

दुसऱ्या दिवशी मुलगी वडिलांबरोबर आली. वडील शारजातल्याच अल मजाज भागात राहणारे, एका कंपनीत इंजिनिअर, मूळचे पुण्याचे. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, चेहऱ्यावर मुलीचं काम झाल्यातच जमा असल्याचा आनंद. मराठी माणूस भेटला म्हणून आणखीनच खूश झाले.

"साहेब, आपलीच माणसं आहात. ही आली की आमचं घर पूर्ण होईल बघा."

त्यांना मी बाहेर बसवलं. बाईचा जबाब घेताना दुसरी बाई खोलीत हवी, ही ठाण्यातली सवय. ऑफिसातल्या केरळच्या क्लार्क बाईंना कोपऱ्यात टायपिंगला बसवलं, दार उघडं ठेवलं, तिघांना सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा मागवला आणि प्रश्न सुरू केले.

पहिल्या प्रश्नाला ती लगेच "नो" म्हणाली. दुसऱ्याला "येस". तिसऱ्याला जरा थांबली, मग "येस". एकीकडे चहाही पीत होती. मी खुणा करत गेलो. प्रश्न संपल्यावर तो कागद ऑफिसबॉयच्या हाती वर प्राध्यापकांकडे पाठवला. थोड्या वेळाने प्राध्यापकच खाली आले, मला बाहेर बोलावलं आणि कागद नाचवत म्हणाले, "हबीबी, सगळी चुकली. दहाच्या दहा!"

"म्हणजे हिला काहीच येत नाही?"

त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्ही पोलीसच ना? तुमच्या शिपायाला हे प्रश्न विचारा. डोळे मिटून हो-नाही म्हणाला तरी चार-पाच बरोबर येतील. दहा चुकवायला दहा यावी लागतात. या मुलीला मी आजच्या आज वर्गात घेतो."

चुकीच्या उत्तराला लपवाछपवी समजायची सवय मला वीस-बावीस वर्षांच्या नोकरीने लागली होती. संशयित काहीही करून आपलं उत्तर बरोबर ठरावं म्हणून धडपडतो. ही मुलगी मात्र चुकीचं ठरावं म्हणून मेहनत घेत होती. का, ते कळेना, आणि खरं सांगायचं तर आता मला फॅक्सपेक्षा त्या 'का'चीच जास्त ओढ लागली होती.

मी परत आत गेलो, फाइल बंद केली आणि मराठीत विचारलं, "बाबा रविवारी घरी असतात का गं?"

"हो..." ती थबकली. "नाही, अंकल. फ्रायडेला."

"मग काल फोनवर संडे का सांगितलंस?"

तिने कप खाली ठेवला. आधी हसू आलं, त्याच्या पाठोपाठ डोळे भरले. "पुण्यात संडेच असतो ना. तोंडात तेच बसलंय."

क्लार्क बाईंचं टायपिंग थांबलं. मराठी त्यांना कळत नव्हतं, पण रडणं कळत होतं. त्यांनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला.

"तुझ्या या फोनमुळे पुण्याला फॅक्स जाणार आहे," मी म्हणालो. "तुझा तिथला निकाल अडकेल. बनावट मार्कशीटवाली म्हणून नाव लागेल ते वेगळंच."

तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, इथे फक्त रिजेक्ट करतील. मग मी परत जाईन आणि कोणाला काही वाईट वाटणार नाही."

"यायचं नाही तर तसं सांगायचं."

"कसं सांगणार?" ती एकदम बोलायला लागली. "आम्ही आधी शेअरिंगमध्ये राहायचो. एका खोलीत आई-बाबा, दुसऱ्या खोलीत दुसरी फॅमिली. मी हॉलमध्ये पडदा लावून झोपायचे. आता बाबांनी टू बेडरूम घेतलाय, माझ्यासाठी. खोलीला पिवळा रंग दिलाय, मी सातवीत असताना मागितलेला. थेट दुबईच्या मीना बाजारात जाऊन पडद्याचं कापड आणलं. मी एअरपोर्टवरून घरी आले तेव्हा ते स्टुलावर चढून पडदेच लावत होते. म्हणाले, 'काय गं, आवडलं?' आता ह्याला नो म्हणायचं?"

"पण पुण्यात असं काय आहे?"

ती जरा विचार करून म्हणाली, "इथे दरवर्षी वर्ग बदलायचा, अंकल. कुणाच्या बाबांचा जॉब गेला, कुणी कॅनडाला गेलं. जूनमध्ये बाय केलेली मैत्रीण सप्टेंबरमध्ये नसायची. पुण्यात दुसऱ्या वर्षाला गेले तेव्हा सगळे तेच चेहरे होते, त्याच बाकांवर. मला ते सोडवत नाही."

मग हळूच म्हणाली, "तुम्हीच सांगा ना बाबांना."

"मी नाही सांगणार. जबाब ज्याचा त्याने द्यायचा. मी बसतो इथे."

वडिलांना आत घेतलं. तिने अडखळत, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सगळं सांगितलं. फोनचं, दहा उत्तरांचं, पुण्याचं. ते उभेच होते. तोंड लाल झालं.

"बोगस? स्वतःला बोगस म्हणालीस? लोकांना तोंड काय दाखवू मी? त्यापेक्षा मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही पडदे लावत होता, बाबा."

ते खुर्चीत बसले. हातातली फाइल टेबलावर ठेवली. मग मला विचारलं, "साहेब, आता त्या तक्रारीचं?"

"तक्रार करणारी आणि जिच्याविरुद्ध तक्रार आहे ती, दोघी एकच. ती तक्रार मागे घेतेय. तुम्ही अर्ज मागे घेतलात तर फॅक्सला विषयच राहत नाही. मायग्रेशन अजून काढलेलं नाही, पुण्यातली जागा शाबूत आहे."

त्यांनी सही केली. रजिस्ट्रार बाईंनी माझा अहवाल वाचला, भुवया उंचावल्या आणि फक्त "खलास?" म्हणाल्या. मी मान हलवली.

बापलेक लिफ्टसमोर उभे होते. दोघं एकमेकांकडे न बघता. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा वडील म्हणाले, "खोली तशीच राहील. व्हिसा चालू ठेवायचा तर सहा महिन्यांच्या आत तुला यावंच लागतं. तेव्हा वापर."

"पिवळा रंग खूप छान आहे, बाबा," ती म्हणाली. "ते खरं सांगितलं होतं."

या केसने मला एक गोष्ट शिकवली. ठाण्यात आम्ही खोटं शोधायचो ते फायद्याच्या मागावर. फायदा कोणाचा ते कळलं, की सापडला आरोपी. पण घरातलं खोटं बऱ्याचदा दुसऱ्याचं मन राखायला बोललेलं असतं, आणि त्यात बोलणाऱ्याचंच नुकसान होतं. त्या वाटेने तपास करायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर पडताळणीच्या माझ्या यादीत, गुणपत्रिकेच्याही वर, मी एक प्रश्न घातला: तुला इथे यायचंय का? बहुतेक मुलं "ऑफ कोर्स" म्हणून मोकळी व्हायची. काही मात्र उत्तर देण्याआधी शेजारी बसलेल्या वडिलांच्या तोंडाकडे बघायची. तसं झालं की मी पेन खाली ठेवायचो आणि वडिलांना म्हणायचो, "तुम्ही जरा खालच्या कॅफेटेरियात चहा घेऊन या. सावकाश या."