एकाच बांधावर चरलेल्या मेंढीच्या शोधात

माझी भाची सायली पुण्यात जुन्या हाडांवर काम करते. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची, खाल्लेल्या चाऱ्याची खूण म्हणे दातांत कायमची राहते. त्यावरून हजारो वर्षांपूर्वी कोण कुठून कुठे गेलं ते कळतं. पण ताडून बघायला आजच्या मातीपाण्याचा नकाशा लागतो. "सांगोल्याकडचं गवत आणि पाणी हवंय. तालुका न सोडलेल्या मेंढीचा दात मिळाला तर फारच छान," ती म्हणाली. मी पडले सोलापूरची. "दाताचं माझ्यावर सोड," म्हणून बसले.

गणपती उठल्यावर निघालो. दिवाळीनंतर मेंढरं कोकणात जातात, त्यामुळे हाच काळ बरा; हे मला तिथं गेल्यावर कळलं. मंगळवेढ्यावरून रस्ता झकास आहे. वाटेत पिठलं, भाकरी, शेंगाचटणी; दोघींचे दोनशे चाळीस रुपये. चपला जाड तळाच्या घाला. मी नाजूक घातल्या होत्या, बाभळीचे काटे आरपार आले.

पहिल्याच वस्तीवर एक म्हातारबाबा हसले. "कोकण न बगितल्यालं मेंढरू? त्याला काय यष्टी स्टँडवर ठिवलं हुतं व्हय?"

आमच्याकडची मेंढरं दरवर्षी चालत कोकणात जातात, हे मला, सोलापूरच्या मला, माहीतच नव्हतं. गाडीत परतल्यावर सायलीनं सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

तिसऱ्या वस्तीवर हौसाबाई भेटल्या. "माजी लंगडी हुती की. कोकरू असतानाच पाय मोडला, मग सासूजवळ घरीच ठिवली. कुटंच गेली न्हाय. गेल्या म्हयन्यात मेली, बांधाला पुरली."

शेजारणीकडे विरजण मागावं तशा आवाजात मी विचारलं, "खोरं आहे का?"

हौसाबाईंचा चेहरा उतरला. "पुरल्यालं उकरत न्हाईत, ताई. लेकरावानी हुती."

सायली घाईनं म्हणाली, "नको, नको. मावशीचं सोडा."

थोड्या वेळानं हौसाबाईच म्हणाल्या, "ती ह्याच बांधाचं गवात खायची, ह्याच हिरीचं पाणी प्यायची. ते न्या की."

दोघी गवत कापायला गेल्या. मी काटे उपसत बसले. तिकडून ऐकू येत होतं.

"आन माज्या दातात काय निगंल?"

"लहानपणी कुठं होता तुम्ही?"

"घोड्याच्या पाठीव. कोकणात जाताना, येताना."

"मग दोन्हीकडचं निघेल."

"बगा की," हौसाबाई खुशीत म्हणाल्या.

दात मिळालाच नाही. सायलीच्या नकाशात त्या गावापुढे गवत आणि पाणी एवढंच असेल, आणि तेवढ्यावर तिचं भागेल म्हणे. सोलापूरला घरी आल्यावर तिनं गवताची पाकिटं टेबलावर मांडली. एकावर गाव आणि बांध, त्याखाली पेन्सिलीनं 'चंद्री'.

"हे काय?"

"मेंढीचं नाव."

मी खोरं मागितलं होतं. तिनं नाव विचारलं होतं.