अंथरुणाखालची वायर

हौसाताई आणि बापू – या दोघांचा मी गुन्हेगार आहे. चौऱ्याहत्तर साली, पाडव्याच्या आदल्या दिवशी, उंब्रजच्या खाली कृष्णेत बांधलेल्या त्यांच्या होडीत बसून मी त्यांना फसवलं. हे आमच्या समितीत बोललो नाही, घरी बोललो नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय – आणि सरळ सांगता येईल का, माहीत नाही.

बापू फौजेत वायरमन होता. पेन्शन घेऊन परतला तर भावांनी घरात खोली दिली नाही. त्यानं पत्र्याची होडी बांधली, ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या आणि मोटर बसवली, वर छप्पर घातलं, आणि नवराबायको तिथंच राहू लागले. दिवसा माणसं आणि भाजीच्या पाट्या पलीकडं न्यायच्या, संध्याकाळी बॅटऱ्या काठच्या मळीतल्या पंपघरात चार्ज करायच्या. बॅटऱ्यांची जाड वायर अंथरुणाखालून मोटरीकडं जायची. हौसाताईला बऱ्याच वर्षांनी दिवस गेले होते.

आणि मी? मी टॉवरवाल्यांविरुद्ध पेटलो होतो. शेतांतून विजेची उच्च दाबाची लाईन जात होती, मोबदल्याचं कुणी नाव काढत नव्हतं, म्हणून आम्ही समिती काढली होती. आमचा राग खरा होता – आजही खरा आहे. पण मोबदल्याच्या सभेला माणसं येईनात. भीतीनं येतील, असं मला वाटलं. तारेतून येणाऱ्या, न दिसणाऱ्या कशाच्या तरी भीतीनं. पण न दिसणारं दाखवायचं कसं?

म्हणून होकायंत्र घेऊन मी होडीवर गेलो. बापूला मोटर सुरू करायला लावली. अंथरुणावर होकायंत्र ठेवलं – सुई गर्रकन वळली. बापू खूश. "गड्या, हिच्या जिभंजवळ धर की. थांबायचीच न्हाई," म्हणाला. हौसाताईनं त्याला ओल्या फडक्यानं मारलं. मीही हसलो. मग म्हणालो, रक्तातही लोखंड असतं.

तिचं हसू गेलं. "आवं दादा, मग माज्या पोटातल्याला काय व्हईल का?"

काय सांगायला हवं होतं? मी सायन्सला होतो. वायरीत प्रवाह असला की सुई वळते, हे शाळेतलं विज्ञान. रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत, हे मला ठाऊक होतं. शिवाय मोटर बंद की प्रवाह बंद – रात्री ती दोघं झोपत तेव्हा त्या वायरीतून काहीच वाहत नसायचं. सांगायचंच तर, जोड उघडे आहेत ते झाका, अ‍ॅसिड सांडू देऊ नका, मनाला बरं वाटत असेल तर वायर बाजूनं घ्या; पोटातल्या जिवाला यानं धोका असतो असं मी कुठं वाचलेलं नाही. एवढं बोलायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, "मी काय सांगू? सुई तुम्हीच बघितली ना."

पत्रक निघालं. 'विजेवरचं अंथरूण' – नाव मीच दिलं, आणि मला त्याचा अभिमान वाटला. होडीतल्या वायरीनं सुई फिरते, तर शेतावरच्या तारेनं पोटातल्या बाळाचं काय होईल, असा त्यात सवाल होता. सभेला मैदान भरलं. होडीत मात्र बायका चढेनात. हौसाताई आष्ट्याला माहेरी गेली.

इथं थांबलो असतो तर चूक म्हणता आली असती.

बाळ मेलेलं जन्मलं. गळ्याला नाळेचा वेढा बसला होता – डॉक्टरीणबाईंनी तसं तिच्या भावाला सांगितलं, भावानं मला. बापूचा मात्र डॉक्टरीणबाईंवर विश्वास बसेना. त्याचा विश्वास माझ्या पत्रकावर. तो समितीच्या खोलीवर आला. चहा नको म्हणाला. दारातच उभा राहिला. "मीच मारलं न्हवं रं त्येला? माज्या बॅटऱ्यांनी?"

खोलीत कार्यकर्ते बसले होते, माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली – दुःखानं घालतात तशी. त्याला तेवढं उत्तर पुरलं.

आणि मग – हे सांगायलाच एवढा वेळ लागला – मी पत्रकाची दुसरी आवृत्ती काढली, आणि त्यात ते बाळ घातलं. आईबापांचं नाव न घेता. नाव कशाला हवं होतं? नदीवर तशी होडी एकच होती. नाळेच्या वेढ्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बापूनं होडी स्वतः फोडली. हौसाताईला परत आणलं नाही. तिच्या तोंडाकडं बघवत नाही म्हणाला. आता मलकापुरात हमाली करतो, विजेच्या कामाला हात लावत नाही. आष्ट्यात तिला 'पोर करपवलेली' म्हणतात. लाईनचा मोबदला आमच्या लोकांना मिळाला. माझा सत्कार झाला. मी तो घेतला.

चळवळीसाठी केलं, असं म्हणणार नाही. टॉवरवाले खोटारडे आहेत म्हणून मी गावोगाव ओरडत होतो. मग मी कोण?

उद्या मी आष्ट्याला जातोय, तिथून मलकापूरला. दोघांच्या दारात मला जाता येईल. पण पत्रक घरोघरी गेलंय. तुमच्या घरी नसेल, तर ऐकून तुमच्या डोक्यात असेल. तेव्हा बाजारात, एसटीत, पाणवठ्यावर, कुठंही कुणी हौसाताईला 'करपवलेली' म्हणालं तर गप्प बसू नका. तिथल्या तिथं सांगा, ते खोटं होतं. आणि कुणी लिहिलं, तेही माझं नाव घेऊन सांगा.