पाळीपासून किती दूर

आमचं गाव अल्लीपूरच्या पुढे. हिवाळ्यात गावतलावावर पट्टकादंब उतरतात. गावात त्यांना नुसतं बदकं म्हणतात. ती पाहायला नागपूरहून लोक येऊ लागले, तेव्हा येणाऱ्यांसाठी गावाचे नियम ठरवायला ग्रामसभा बसली. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी ‘शाश्वत’, ‘जबाबदार’ असं लिहिलं. वाचून दाखवताना ते शब्द मलाच परके वाटले.

वाद अडला आईच्या चहाटपरीवर. कापूस वेचून तिची कंबर गेली होती. आता टपरीचाच आधार. तिला ती तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच हवी होती.

"लोकं तिथं येतेत, मंग चहा का जंगलात विकू?"

"तुह्या स्टोव्हच्या आवाजानं बदकं नागपूरले जातीन," एक काका म्हणाले. सभा हसली. आई हसली नाही.

शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "पह्यले आपुनच पाहुणे होऊन पाहू."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पाळीवर गेलो. जन्म इथेच गेला, पण नुसतं बघायला कोणी आलंच नव्हतं. कोणाचा तरी मोबाइल वाजला, आणि तलाव उठला. मला दुसरा शब्द सुचत नाही. धुकं, पंख, आवाज, सगळं वर गेलं आणि खाली रिकामं पाणी हलत राहिलं.

"झालं. आता येत नाई," काका पुटपुटले. त्यांनी हळूच चपला काढल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

ऊन वर आल्यावर बदकं परतली, ओळीमागून ओळ. आईने माझं मनगट घट्ट धरलं. "पाह्य वो बाई, पाय पुढं करून उतरतेत!"

दुपारी आई पातेलं आणि उलथणं घेऊन निघाली. "तू पाळीवर उभी राह्य. मी घराकडून वाजवत येतो. ऐकू आलं का ओढणी वर कर."

मी कान देऊन उभी राहिले. पंख झटकल्याचा, चोचीतून पाणी गळल्याचा आवाज मला पहिल्यांदाच ऐकू आला. श्वास घ्यायलाही संकोच वाटत होता. मग फार लांबून, टण्.

मी ओढणी उंचावली. आई थांबली, थोडी मागे सरली आणि हातपंपाजवळ तिने टपरीच्या खुणेचा दगड ठेवला. मी धावत गेले.

"इथवर येतीन का वो लोकं, चहाले?"

मला माहीत नव्हतं. तेच सांगितलं.

तिने टपरीची दुसरी कड आखायला आणखी एक दगड मागितला.